स्नायूंच्या अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेला रुग्ण कसा तपासावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न इंटर्न, निवासी डॉक्टर, नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले फॅमिली डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून येत राहतात. अधूनमधून रुग्णांच्या नातेवाइकांकडूनही येतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन उत्तरांचा धागा जिथे जुळतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुम्ही डॉक्टर नसाल आणि घरातल्या कुणाच्या त्रासासाठी वाचत असाल, तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. रुग्ण नुसतं "अशक्तपणा आलाय" म्हणतो. त्यातून नेमकं काय समजायचं?

अजून काहीच नाही. "अंगात त्राणच नाही", "हातपाय गळून गेल्यासारखे वाटतात" असं म्हणणाऱ्या बहुतेकांची ताकद तपासल्यावर पूर्ण भरते. तो थकवा असतो आणि त्याचं कारण स्नायूंच्या बाहेर सापडतं: रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, हृदयविकार, अपुरी झोप, नैराश्य, रेंगाळलेला संसर्ग. "अंगावरून वारं गेलं" म्हणणारा मात्र बहुधा खऱ्या लुळेपणाबद्दल बोलत असतो.

शिवाय ताकद जागेवर असूनही लोक अशक्तपणा म्हणतात असे आणखी काही प्रकार आहेत. खांदा दुखतो म्हणून हात वर जात नाही. पार्किन्सन्समध्ये हालचाल मंदावते. लहान मेंदूच्या आजारात तोल जातो. हात बधिर झाला की वस्तू निसटतात.

मी एकच प्रश्न विचारतो: "पूर्वी सहज जमायचं असं कोणतं काम आता जमत नाही?" स्नायू खरंच कमजोर असलेला माणूस ठरावीक काम सांगतो, "उकिडवं बसलो तर उठता येत नाही", "वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही". थकलेला माणूस म्हणतो, "सगळंच जड वाटतं." हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण दोन मिनिटांत एवढी दिशा देणारी दुसरी कुठलीही तपासणी मला माहीत नाही.

२. कोणकोणत्या कामांबद्दल विचारायचं?

मांड्या आणि कंबरेचे स्नायू: खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं, जिना चढणं, जमिनीवरून उठणं. खांदे: केस विंचरणं, सदरा डोक्यावरून घालणं. हाताचा पंजा: शर्टाची बटणं, कुलपात किल्ली फिरवणं, बाटलीचं झाकण उघडणं. पाऊल: सपाट जागेवर ठेच लागणं, चालताना पाऊल आपटणं.

चप्पल पायातून निसटते का, हा जुना आणि फार कामाचा प्रश्न आहे. पण तिथेच थांबू नका. "निसटली हे कळतं का?" हेही विचारा. निसटताना कळतं पण धरून ठेवता येत नाही, तर पावलाची ताकद कमी आहे. निसटून मागे राहिली तरी पत्ताच नाही, तर संवेदना गेली आहे. एका चपलेवरून दोन वेगळ्या वाटा फुटतात.

डोळे, घसा आणि मान यांबद्दल रुग्ण आपणहून सांगत नाही. पापणी पडते का, एकाचे दोन दिसतात का, पाणी पिताना नाकातून येतं का, आवाज गेंगाणा झाला का, उशीवरून मान उचलता येते का, हे एकेक करून विचारा.

३. "कधीपासून" या प्रश्नाला इतकं महत्त्व का?

कारण आजार किती वेगाने वाढला यावरूनच अर्धी यादी गळून पडते. काही सेकंदांत किंवा मिनिटांत आलेला लुळेपणा रक्तवाहिनीचा समजा. तास ते दिवस लागले असतील तर गियाँ-बारे (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने नसांवर केलेला हल्ला), मज्जारज्जूचा दाह किंवा त्यावरचा दाब, पोटॅशियमची गडबड, विषबाधा, सर्पदंश. आठवडे ते महिने: स्नायूंचा दाह, थायरॉइड, औषधं, ब-१२ ची कमतरता. वर्षानुवर्षं: स्नायूंचे आनुवंशिक आजार.

यात एक फसगत आहे. रुग्ण ज्या दिवशी पडला तो दिवस "सुरुवात" म्हणून सांगतो. सहा महिन्यांपूर्वी जिना कसा चढत होता, जुन्या फोटोत पापणी कशी दिसते, घरच्यांना चालीत फरक कधी जाणवला, हे विचारलं की "अचानक" वाटणारा आजार बरेचदा दोन वर्षं जुना निघतो.

४. कोणत्या रुग्णाला एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात पाठवायचं?

एका बाजूचा हात-पाय अचानक गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर पक्षाघात समजून लगेच पाठवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून "शेवटचा ठीक कधी पाहिला होता" ती वेळ चिठ्ठीवर लिहा. गाडी येईपर्यंत बोटातून साखर तपासा. साखर उतरल्यावर हुबेहूब पक्षाघातासारखं चित्र दिसू शकतं आणि ते लगेच सुधारता येतं.

पायांतून सुरू झालेली कमजोरी काही दिवसांत वर चढत चालली असेल, किंवा पापण्या आणि घशापासून खाली उतरत असेल, तर दोन्ही धोक्याचे. दुसऱ्या प्रकारात सर्पदंश आणि बोटुलिझम (जिवाणूच्या विषाने होणारी बाधा) आठवा. मण्यारीचा दंश बरेचदा दुखतही नाही आणि खूण शोधूनही सापडत नाही; रात्री जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पापण्या पडलेल्या अवस्थेत उठला, एवढाच इतिहास मिळतो.

दोन्ही पायांची कमजोरी आणि त्यासोबत लघवी अडणं, नकळत होणं, किंवा बैठकीच्या जागेचा बधिरपणा, हा मज्जारज्जूवरचा किंवा कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांवरचा दाब असू शकतो. एमआरआय त्याच दिवशी हवा.

गिळता न येणं, धाप लागणं, मान धरता न येणं, हे कोणत्याही कमजोरीसोबत दिसलं तरी तातडीचंच. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

५. ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय. मग श्वासाची काळजी कशाला?

कारण स्नायूंच्या आजारात ऑक्सिजन सगळ्यात शेवटी घसरतो. फुप्फुसं निरोगी असतात, भाता दमत असतो. रुग्ण छोटे छोटे, भरभर श्वास घेऊन आकडा टिकवून धरतो आणि मग अचानक कोसळतो. आकडा चांगला आहे म्हणून वॉर्डात ठेवलेला रुग्ण पहाटे व्हेंटिलेटरवर जातो, तो असा.

उपकरण नसेल तर रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात, सेकंदाला साधारण दोन या वेगाने, मोठ्याने आकडे मोजायला सांगा. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. विसाच्या आत अडखळला तर सावध व्हा आणि दर काही तासांनी पुन्हा मोजा. सकाळी तीस आणि दुपारी अठरा, हा उतार एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

मान पुढे उचलण्याची ताकद आवर्जून तपासा. ते स्नायू आणि श्वासपटल बहुधा बरोबरीने कमजोर होतात. आडवं झाल्यावर धाप वाढते का, श्वास घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत ओढलं जातं का, खोकला फुसका झालाय का, हेही बघा.

स्पायरोमेट्री (श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी) असेल तर गियाँ-बारेसाठी २०-३०-४० हा ठोकताळा लक्षात ठेवा: एका श्वासाची कमाल क्षमता किलोमागे २० मिलीलिटरच्या खाली, श्वास ओढण्याचा जोर ३० सेंटीमीटर पाण्यापेक्षा कमी, सोडण्याचा ४० पेक्षा कमी. यातलं काहीही दिसलं तर भूलतज्ज्ञाला आधीच बोलावून ठेवा.

६. एमआरसी ग्रेड (स्नायूंच्या ताकदीचे ० ते ५ गुण) कसे द्यायचे? प्रत्येकाचा चार वेगळा येतो.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये नसांच्या दुखापतींसाठी ही मोजपट्टी छापली. ० म्हणजे काहीच हालचाल नाही. १ म्हणजे स्नायू नुसता लवतो. २ म्हणजे गुरुत्वाकर्षण काढून टाकल्यावर, आडव्या पातळीत, हालचाल होते. ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होते, पण बोटभर दाबही सहन होत नाही. ४ म्हणजे विरोधाला तोंड देतो पण कमी पडतो. ५ म्हणजे पूर्ण.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, चार फार ऐसपैस आहे. किंचित कमी ताकदीपासून अगदीच लुळ्या हातापर्यंत सगळं त्यात मावतं. म्हणून ४ उणे, ४, ४ अधिक असं लिहितात आणि त्यावर दोन डॉक्टरांचं एकमत होणं अवघडच. माझा सल्ला: ग्रेडच्या शेजारी काम लिहा. "उजवी मांडी ४, हात न टेकता खुर्चीतून उठतो, पण तिसऱ्यांदा अडतो." पुढच्या आठवड्यात दुसरा डॉक्टर तपासेल तेव्हा त्याला हे वाक्य उपयोगी पडेल.

७. धट्टाकट्टा रुग्ण आहे. माझ्या हाताच्या जोराने त्याची कमजोरी कळतच नाही.

मग त्याचं स्वतःचं वजन वापरा. पोटरी इतकी बळकट असते की पलंगावर तपासून ती जवळपास नेहमी पाचच येते. एका पायावर उभं करून टाच वारंवार उचलायला लावा. टाचांवर चालवा, चवड्यांवर चालवा, उकिडवं बसवून उठवा, एका पायावर उडी मारायला सांगा. चाल आणि उठणं बघितल्याशिवाय पलंगावरची तपासणी सुरूच करू नये, असं मी सांगत असतो. घाईच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

हातांसाठी: दोन्ही हात पुढे, तळवे वर, डोळे मिटून वीस सेकंद. मेंदूकडून येणाऱ्या मार्गाची सौम्य कमजोरी असेल तर तळवा आत वळत हात खाली येऊ लागतो. ग्रेड पाच असतानाही हे दिसू शकतं. स्नायू तपासताना बोटांविरुद्ध बोटं, मनगटाविरुद्ध मनगट लावा. पूर्ण हाताच्या बळाने रुग्णाची करंगळी खाली गेली तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

८. बिघाड वरच्या चेतापेशींचा की खालच्या, हे पटकन कसं ओळखायचं?

वरच्या म्हणजे मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या मार्गाचा बिघाड असेल तर हातपाय ताठर, जर्क (छोट्या हातोडीने ठोकल्यावर स्नायूने दिलेला झटका) जोरदार, तळव्याला ओरखडा काढल्यावर अंगठा वर. हे शेवटचं लक्षण जोसेफ बाबिन्स्कीने १८९६ मध्ये मांडलं. खालच्या चेतापेशी, त्यांची मुळं किंवा नसा बिघडल्या तर अवयव सैल, जर्क कमी किंवा गायब, स्नायू लवकर वाळतो.

कमजोरीची वाटणीही बोलकी असते. वरच्या मार्गाच्या आजारात हाताचे उघडणारे स्नायू आणि पायाचे दुमडणारे स्नायू जास्त जातात, म्हणून जुन्या पक्षाघाताचा रुग्ण हात मुडपून आणि पाय ताठ ओढत चालतो.

मोठा अपवाद पहिल्या काही दिवसांचा. मज्जारज्जूला अचानक इजा झाली की सुरुवातीला सगळं सैल आणि जर्क गायब असतात. अशा वेळी "सैल आहे, म्हणजे गियाँ-बारे" म्हणून मोकळं होऊ नका. छातीवर, पोटावर संवेदना कुठल्या पातळीला संपते ते टाचणीने शोधा आणि लघवीबद्दल विचारा. दुसरा अपवाद: घोट्याचा जर्क गायब पण अंगठा वर. हे जोडपं दिसलं की ब-१२ आठवा.

९. जागा ठरवण्याचा एखादा सोपा क्रम आहे का?

स्नायूपासून सुरू करून मेंदूपर्यंत वर चढा.

स्नायूचा आजार: दोन्ही बाजूंना सारखा, खांदे आणि मांड्यांत जास्त, संवेदना पूर्ण शाबूत, जर्क बराच काळ टिकून. नस आणि स्नायू यांच्या सांध्याचा आजार: थकल्यावर वाढणारा, डोळे आणि घसा पकडणारा (प्रश्न १३). अनेक नसांचा आजार: पावलांपासून सुरू होणारा, मुंग्या आणि बधिरपणा सोबत, घोट्याचा जर्क आधी जाणारा. एकट्या नसेचा किंवा मुळाचा: नकाशावर बोट ठेवता येईल असा (प्रश्न ११). मज्जारज्जूच्या पुढच्या पेशींचा: स्नायू वाळतात, फडफडतात, पण संवेदना अबाधित (प्रश्न २०). मज्जारज्जूचा: एका पातळीखाली दोन्ही बाजू, मूत्राशय गुंतलेला. मेंदूचा: बहुधा एक बाजू, सोबत चेहरा, वाचा किंवा दृष्टी.

या क्रमालाही अपवाद आहेतच. मायोटोनिक डिस्ट्रॉफी हा स्नायूचा आजार असून पंजा आणि पावलापासून सुरू होतो. हस्तांदोलन केल्यावर रुग्णाला हात चटकन सोडता येत नाही, तिथेच निदान हातात पडतं. त्याचा ईसीजी काढायला विसरू नका, कारण हृदयाच्या विद्युतमार्गात अडथळा येऊ शकतो. पन्नाशीनंतर मांडीचा पुढचा स्नायू आणि बोटं मुडपणारे स्नायू एकीकडे जास्त वाळले असतील तर इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस हा स्नायूंचा आजार बघा. त्यावर स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. उलट गियाँ-बारे हा नसांचा आजार असूनही मांड्यांपासून सुरू झालेला दिसू शकतो.

१०. दोन्ही पायांत जोर नाही, कंबरही दुखते. कमरेचा एमआरआय सांगितला. बरोबर ना?

आधी गुडघ्याचा जर्क बघितलात का?

ही चूक मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त नसांची मुळं असतात. मुळं दाबली गेली तर पाय सैल आणि जर्क कमी. पाय ताठर, जर्क उसळणारे आणि अंगठा वर असेल, तर बिघाड मज्जारज्जूत आहे, म्हणजे कमरेच्या चित्राच्या वर: छातीत किंवा मानेत. माझ्या रुग्णाच्या कमरेच्या एमआरआयमध्ये चकती थोडी सरकलेली दिसली, जशी त्या वयात अनेकांना दिसते. तिच्यावर खापर फोडून मी महिनाभर व्यायाम सुचवला. गाठ छातीच्या मणक्यांपाशी होती. जर्क मी तपासले होते. "जोरदार" असं लिहिलंही होतं.

म्हणून फॉर्मवर "दोन्ही पाय कमजोर" एवढंच न लिहिता जर्क, अंगठा आणि संवेदनेची पातळी लिहा. हातांत काही नसलं तरी मान सुटत नाही. मानेतल्या दाबाची पहिली खूण कधीकधी पायांतच दिसते. आणि क्वचित दोन्ही पायांची ताठर कमजोरी मेंदूच्या मधल्या फटीतल्या गाठीमुळेही येते, तेव्हा कण्याचा अख्खा एमआरआय नॉर्मल निघतो.

११. पाऊल लोंबतंय. नस गेली की कंबर?

पाऊल आत वळवून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची पेरोनिअल नस दाबली गेली असेल तर पाऊल वर उचलणं आणि बाहेर वळवणं जातं, आत वळवणं टिकतं. कमरेचं पाचवं मूळ, म्हणजे एल-पाच, दाबलं असेल तर आत वळवणंही जातं आणि मांडी बाजूला नेण्याची ताकदही घटते. घोट्याचा जर्क दोन्हींत सहसा टिकून असतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. पायावर पाय टाकून बसण्याची सवय, अलीकडे बरंच घटलेलं वजन, बराच वेळ उकिडवं बसून केलेलं काम, प्लास्टर, हे विचारा; पेरोनिअल नस तिथेच चेपते.

१२. तोंड वाकडं झालंय. पक्षाघात की चेहऱ्याची नस?

कपाळावर आठ्या घालायला सांगा. कपाळासकट अख्खी बाजू गेली असेल तर बहुधा चेहऱ्याची नस. कपाळ शाबूत आणि फक्त खालचा भाग वाकडा, तर मेंदू. मग प्रश्न ४ चा रस्ता. कपाळ गेलं असलं तरी सोबत हात-पाय कमजोर, दुहेरी दृष्टी किंवा चक्कर असेल तर मेंदूच्या देठाचा विचार करा.

१३. सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट. हा निव्वळ थकवा नाही का?

असू शकतो. पण थकल्यावर पापणी पडत असेल, दोन दिसत असतील, जेवणाच्या शेवटी चावता येत नसेल, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोहोचण्याचा आजार. रुग्णाला एक मिनिट वर बघत राहायला सांगा. पापणी हळूहळू खाली येते. खांदे बाजूला उचलायला लावून ताकद बघा, हात वीस वेळा वर-खाली करायला लावा, पुन्हा बघा. पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवल्यावर ती किमान दोन मिलीमीटर वर आली तर संशय पक्का होतो. बाहुल्या आणि जर्क मात्र नॉर्मल असतात. बाहुल्या विस्फारलेल्या असतील तर बोटुलिझमकडे वळा.

रक्तातली अॅसिटिलकोलीन रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडं सर्व शरीराच्या मायस्थेनियात साधारण ८५ टक्के रुग्णांत सापडतात. फक्त डोळ्यांच्या प्रकारात जवळपास निम्म्यांतच. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निदान खोडून टाकू नका. निदान झाल्यावर थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी.

याची उलटी बाजू: रुग्ण कमजोर, जर्क मंद, पण दहा सेकंद जोर लावल्यावर तेच जर्क सुधारतात. हा लॅम्बर्ट-ईटन, नस आणि स्नायू यांच्या सांध्याचाच दुसरा आजार. त्यातल्या सुमारे निम्म्या रुग्णांत फुप्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग सापडतो.

१४. पहिल्या टप्प्यात कोणत्या चाचण्या?

जागेचा अंदाज बांधल्यावर, त्याआधी नाही. तरी जवळपास प्रत्येकाला लागतात त्या: साखर, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, किडनी, हिमोग्राम, थायरॉइड, सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर), ईएसआर किंवा सीआरपी (दोन्ही दाह दाखवणाऱ्या). पोटॅशियमचा रिपोर्ट यायला वेळ लागणार असेल तर ईसीजी काढा, तो बरंच आधी सांगतो. नर्व्ह कंडक्शन (नसेतून विद्युतसंदेश कसा जातो ते) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून त्याची विद्युतक्रिया) ही तपासणीची पुरवणी आहे. "ईएमजी करून या, मग बघू" असं म्हणणारा डॉक्टर रिपोर्ट आल्यावरही गोंधळलेलाच राहतो. शिवाय पहिल्या आठवड्यात गियाँ-बारेची नर्व्ह कंडक्शन आणि पाठीतलं पाणी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात.

१५. सीके वाढलंय म्हणजे स्नायूंचा आजार, नॉर्मल म्हणजे नाही. एवढंच ना?

दोन्ही अर्धसत्य. जड व्यायाम, स्नायूत दिलेलं इंजेक्शन, फिट, पडणं, ईएमजीची सुई, हायपोथायरॉइड यांनी सीके चढतं. म्हणून रक्त ईएमजीच्या आधी घ्या आणि शंका असेल तर आठवडाभर व्यायाम थांबवून पुन्हा करा. उलट स्टेरॉइडमुळे आलेल्या कमजोरीत सीके नॉर्मलच असतं, आणि बराच जुना झालेला आजार स्नायू संपवत आला की सीकेही उतरतं.

एक नेहमीची गफलत: एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले बघून रुग्ण महिनोन्‌महिने यकृताच्या गोळ्या खात असतो. ही दोन्ही विकरं स्नायूंतही असतात. जीजीटी आणि बिलीरुबिन नॉर्मल असतील तर सीके मागवा. लहान मुलग्यांत तर ही वाट थेट ड्युशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजारापर्यंत जाऊ शकते (प्रश्न १८).

१६. तरुण मुलगा सकाळी उठला तर चारही हातपाय हलेनात. गियाँ-बारे का?

आधी पोटॅशियम बघा. आदल्या दिवशीचे भरपूर श्रम किंवा भरगच्च जेवण, पहाटे लुळेपणा, संवेदना शाबूत, चेहरा आणि श्वास बहुधा सुटलेले, पूर्वीही असा झटका येऊन आपोआप गेलेला, हे चित्र पोटॅशियम उतरल्याचं. जर्क दोन्ही आजारांत मंदावतात, तिथे फरक शोधत बसू नका.

थायरॉइड तपासाच. थायरॉइडच्या अतिस्रावातून येणारे असे झटके आशियाई वंशाच्या तरुण पुरुषांत जास्त दिसतात, आणि त्यांत थायरॉइडची बाकी लक्षणं पुसटच असू शकतात. पोटॅशियम डेक्स्ट्रोजमधून देऊ नका. साखरेमुळे इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम आणखी पेशींत जातं. भरमसाटही देऊ नका. शरीरातला साठा बहुतेकदा पुरेसा असतो, तो फक्त पेशींत लपलेला असतो. झटका ओसरताना बाहेर येतो आणि पातळी धोकादायक वर जाते. झटके वारंवार येत असतील तर मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जातंय का तेही शोधा.

१७. कोणती औषधं विचारायची?

स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या), स्टेरॉइड, कोल्चिसिन, क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, झिडोव्ह्युडिन, सोबत मद्य. पोटॅशियम घटवणाऱ्या लघवीच्या गोळ्या वेगळ्या. स्टेरॉइड "मी घेत नाही" म्हणणाऱ्याच्या अंगदुखीच्या पुडीत सापडतं, तेव्हा पुडी मागवून बघा. स्टॅटिन थांबवून काही आठवड्यांनीही कमजोरी आणि सीके वाढतच राहिलं तर एचएमजीसीआर प्रतिपिंडं तपासा. तो स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेला आजार असतो आणि नुसती गोळी बंद करून जात नाही.

मायस्थेनियाच्या रुग्णाला जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड्स, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविकं आणि शिरेतून मॅग्नेशियम देताना दहादा विचार करा. कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण सुधारल्यावर एक ते चार दिवसांत मान आणि श्वास पुन्हा ढिले पडू शकतात, म्हणून घरी सोडायची घाई नको.

१८. मुलांच्या बाबतीत वेगळं काय?

मूल तक्रार करत नाही, खेळ बदलतं. दीड वर्षाचं होऊनही न चालणाऱ्या मुलग्याचं सीके करा. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत "चढणारं" मूल म्हणजे गावर्सचं लक्षण, विल्यम गावर्सने १८७९ मध्ये वर्णिलेलं. पोटऱ्या भरदार दिसतात म्हणून आईवडील निर्धास्त असतात. तो भरदारपणा बळाचा नसतो. ड्युशेनमध्ये सीके नॉर्मलच्या दहापट ते शंभरपट असतं.

१५ वर्षांखालच्या मुलाला अचानक सैल लुळेपणा आला तर कारण काहीही वाटो, पोलिओ-निगराणीसाठी आरोग्य यंत्रणेला कळवायचं आणि सुरुवातीपासून १४ दिवसांत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने पाठवायचे.

१९. आजोबांना चार दिवसांपासून "नुसता अशक्तपणा" आहे. तपासणीत ताकद ठीक आहे.

मग स्नायू सोडा आणि संसर्ग, सोडियम, हृदय शोधा. म्हातारपणी न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, छातीत न दुखता आलेला हार्ट अटॅक, हे सगळे अशक्तपणाच्या वेशात येतात. ईसीजी काढाच.

महिन्यांपासूनची तक्रार असेल आणि सकाळी खांदे-मांड्या तासभर आखडत असतील, ईएसआर चढलेला, सीके नॉर्मल, ताकद दुखणं सोडल्यास पूर्ण, तर पॉलिमायाल्जिया, म्हणजे म्हातारपणी खांदे-मांड्या आखडवणारा दाहाचा आजार. नवी डोकेदुखी किंवा दृष्टी अंधारणं सोबत असेल तर त्याच दिवशी उपचार हवेत, नाहीतर डोळा जाऊ शकतो.

२०. स्नायू फडफडतात. इंटरनेटवर वाचून मला मोटर न्यूरॉनचा आजार झाला असं वाटतंय.

हे पत्र दर महिन्याला येतं, बरेचदा वैद्यकीय विद्यार्थ्यांकडून. मोटर न्यूरॉनचा आजार म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाणं. कमजोरी नाही, स्नायू वाळलेला नाही, आणि फडफड पापणीत किंवा पोटरीत येते-जाते, तर ती बहुधा निरुपद्रवी असते. जागरण, ताण आणि कॉफीने वाढते. चिंतेची गोष्ट म्हणजे वाळलेल्या, कमजोर हातातच उसळणारा जर्क मिळणं, जीभ फडफडणं, आणि संवेदना मात्र पूर्ण असणं. तिथेही मानेतला दाब असं सोंग घेऊ शकतो, म्हणून मानेचा एमआरआय आधी.

२१. रुग्ण नाटक करतोय असं वाटतं. कसं सिद्ध करू?

सिद्ध करायला जाऊच नका. तपासणीत विसंगती सापडणं म्हणजे नाटक नव्हे. फंक्शनल कमजोरी हा खरा आजार आहे आणि रुग्ण ती मुद्दाम करत नाही. चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ मध्ये सांगितलेली खूण वापरा. झोपलेल्या रुग्णाला कमजोर पायाची टाच खाली दाबायला सांगितली तर जोर लागत नाही. पण दुसरा पाय वर उचलायला सांगितला की तीच टाच आपोआप जोरात खाली दाबली जाते. ही खूण रुग्णालाच दाखवा: "बघा, मार्ग शाबूत आहे, फक्त आज्ञा पोहोचताना गडबड होते." अनेकांची सुधारणा इथूनच सुरू होते.

दोन सावधगिरी. दुखण्यामुळेही ताकद मध्येच सुटते, ती फंक्शनल नव्हे. आणि एका रुग्णाला दोन्ही आजार असू शकतात, म्हणून जर्क आणि अंगठा बघितल्याशिवाय हे लेबल लावायचं नाही.

२२. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तपासणीही नॉर्मल. रुग्ण मात्र "कमजोरी आहेच" म्हणतो. आता?

प्रश्न १ पुन्हा विचारा, यावेळी घरातल्या माणसासमोर. झोप, मन, मद्य आणि औषधं यांबद्दल नव्याने बोला. संध्याकाळी, थकल्यावर बोलावून तपासा. मायस्थेनिया सकाळच्या ओपीडीत निसटतो. झटके येत असतील तर झटक्याच्या वेळीच जवळच्या ठिकाणी पोटॅशियम आणि ईसीजी करायला चिठ्ठी देऊन ठेवा. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून लिहा आणि सहा आठवड्यांनी तेच पुन्हा मोजा.